टाकीवरची चौकशी

बटाट्याचं बेणं कापायला बसलं की सोपानरावांच्या घरातल्या लपवलेल्या गोष्टी आपोआप बाहेर पडतात, हे एव्हाना घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं. हात कामात असतात, तोंड मोकळं असतं, आणि कापायला घेतलेली गोणी संपल्याशिवाय कुणाला उठून जाता येत नाही. मागल्या वर्षी याच शेडमध्ये त्यांच्या मुलाने, रत्नदीपने, कुणाला न विचारता जुना पिकअप घेतल्याचं उघडकीस आलं होतं. त्यानंतर तो आठवडाभर बापाच्या समोर जेवायला बसला नव्हता.

यंदा पाळी साक्षीची होती.

सकाळचे साडेदहा वाजले होते. सावडीतल्या बाकीच्या दहा घरांची माणसं जेवणं उरकून दुपारी यायची होती. आज यांचं बेणं, उद्या दुसऱ्या घरचं, असं अकरा घरांचं काम लोणीत वर्षानुवर्षं एकमेकांच्या हातांनी व्हायचं. सकाळची फेरी घरच्यांची. सोपानराव गोण्या सोडत होते, रत्नदीप कापलेल्या फोडी पसरत होता, आणि पोत्यावर ओळीने चौघीजणी बसल्या होत्या: सोपानरावांची बायको कोंडाबाई, त्यांची सून साक्षी, नात श्रेया, आणि खास या कामासाठी आणे गावाहून आलेल्या नणंद प्रयागबाई. प्रयागबाईंचं वय बहात्तर, कापण्याचा वेग बेताचा आणि बोलण्याचा वेग कुणालाही न झेपणारा.

कोंडाबाई मात्र बटाट्याकडे न बघता कापायच्या. अंगठा फिरवला की कोंब फुटायचे डोळे कुठे आहेत ते त्यांना कळायचं, आणि प्रत्येक फोडीला दोन डोळे यायचेच. प्रत्येक बटाट्यानंतर सुरी बाजूच्या बादलीतल्या औषधाच्या पाण्यात बुडवायची आणि पुढचा घ्यायचा. ही बादली साक्षीने आणलेली. ती मंचरच्या एका खासगी दवाखान्यात सोळा वर्षं नर्स होती आणि जंतू हा तिचा जुना दुश्मन होता.

श्रेया बारावी होऊन कॉलेजचे फॉर्म भरत होती, त्यामुळे तिला कापता कापता मोबाइल बघायची मुभा होती. साक्षीचा ईमेलही तिच्याच मोबाइलवर उघडलेला असायचा, कारण साक्षीला स्वतःच्या मोबाइलवर पासवर्ड कधी आठवत नसे.

"आई," श्रेया म्हणाली, "तुझ्या ॲडमिशनवाल्यांचा मेल आलाय. आज अकरा ते एकच्या मध्ये तुझ्याबद्दल विचारायला फोन करणारेत." मग ती थांबली. "आणि नंबर आजीचा दिलायस तू?"

चारही सुऱ्या थांबल्या.

"कसली ॲडमिशन?" सोपानरावांनी विचारलं.

"कसला फोन?" कोंडाबाईंनी विचारलं.

रत्नदीपने एक टोपली उचलली आणि काही कारण नसताना शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. त्याच्या आईला त्यावरूनच कळलं, की याला सगळं माहीत आहे.

साक्षीने हातातली सुरी बादलीत बुडवली, पुसली, बाजूला ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. पुण्यातल्या एका संस्थेत व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा कोर्स होता, नोकरी करणाऱ्या माणसांसाठी, शनिवार-रविवार. परीक्षा तिने एप्रिलमध्येच दिली होती, श्रेयाला तिच्या प्रवेश परीक्षेला सोडायला पुण्याला जाते म्हणून. मुलाखत मोबाइलवर झाली, दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत बसून. आता फक्त दोन माणसं तिच्याबद्दल काय सांगतात ते बघायचं राहिलं होतं. एक नोकरीतलं, तिथे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसरं नोकरीबाहेरचं, ज्याच्यासोबत तिने बरीच वर्षं काम केलंय असं.

"मी तुमचं नाव दिलं, आई," ती म्हणाली.

"बेचाळीस वर्सांची बाई," प्रयागबाई म्हणाल्या, "पोरीला कॉलेजात घालायचं सोडून आपुनच चालली?"

"दोघी जातो, आत्या."

"आन दवाखाना?"

"शिकून झालं की सोडीन."

सोपानराव गोणीवर बसले. "चालती नोकरी सोडून करनार काय?"

"हेच," साक्षीने समोरच्या ढिगाकडे हात केला. "दर साली आपण मंचरला जे बेणं येईल ते घेतो. चांगलं लागलं तर आपलं नशीब, न्हाई लागलं तरी आपलंच. अकरा घरांनी मिळून बेणं आपणच तयार करायचं, आपणच साठवायचं आणि दुसऱ्यांनाबी विकायचं. मला त्यातलं शेत कळतं, माणसं कळतात. धंदा कळत न्हाई. तो शिकायचाय."

"नर्सबाईनं दुकान टाकायचं," सोपानराव बहिणीकडे बघून म्हणाले, आणि प्रयागबाईंनी मान हलवली. बहीण-भावाचं एका गोष्टीवर एकमत होणं तसं दुर्मीळच होतं.

"आबा, टाकू दे की," श्रेया म्हणाली. "आई लई हुशार आहे. मी आईच्या बाजूने." एवढं बोलून तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "शनिवार-रविवार म्हणजे तू शुक्रवारी रात्री राहणार कुठे?"

"पुण्यात तुझ्यासाठी बघितलीय त्या खोलीवर," साक्षी म्हणाली. "कॉट टाकता येते, मी विचारून ठेवलंय."

श्रेयाने पुढचा बटाटा उचलला. तिचा पाठिंबा तेवढ्यापुरता जरा पातळ झाला.

या सगळ्यात कोंडाबाईंनी पुन्हा सुरी चालवायला घेतली होती. त्यांना राग आला होता, आणि राग कशाचा ते त्यांचं त्यांनाच नीट सांगता येत नव्हतं. न विचारता नाव दिलं याचा तर होताच. पण आयुष्याच्या सदुसष्ट वर्षांत कुणी त्यांना फोन करून त्यांचं मत विचारलं नव्हतं, आणि आज विचारणार होते ते नेमकं याच गोष्टीचं. त्यांनी एक बटाटा कापला आणि हातातल्या फोडीकडे बघितलं. एकही डोळा नव्हता. प्रयागबाईंनीही ते पाहिलं. कोंडाबाईंनी ती फोड मुकाट्याने मागे टाकली.

"मला का घातलं ह्यात?" त्यांनी साक्षीला विचारलं. "सरपंचाचं नाव द्यायचं. न्हाईतर शाळंतल्या मास्तरचं."

"ते सगळे माझं कौतुक करतील," साक्षी म्हणाली. "मला कौतुक नको व्हतं."

"आन मी वाईट सांगितलं तर?"

"तर वाईट सांगा."

प्रयागबाईंना हे अजिबात पटलं नाही. साक्षीने शिकावं हे त्यांना मान्य नव्हतं, पण घरी चौकशी यायची म्हटल्यावर घराच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि त्या बाबतीत त्या तज्ज्ञ होत्या. भावकीतली आठ लग्नं त्यांनी जमवली होती. त्यातला एक नवरदेव तोतरा होता आणि एकाने तर लग्नानंतर तीनच दिवसांनी बायकोला सांगून टाकलं की आपल्याला मोटरसायकल चालवता येत नाही. चौकशीत काय सांगायचं आणि काय गिळायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यामुळे त्यांनी तिथल्या तिथे बाजू बदलली.

"हे बघ कोंडे, चौकशी आली की उणं सांगायचं न्हाई," त्या सरसावून बसल्या. "म्हनायचं, पोरगी लई गरीब. मान वर करून बोलत न्हाई. मोठ्यांच्या शब्दाभाईर न्हाई."

"आत्याआजी," श्रेया म्हणाली, "असं सांगितलं तर ते पहिलं आईचंच नाव खोडतील. त्यांना मान वर करून बोलणारीच माणसं लागतात."

"मंग त्ये कसलं कॉलेज?"

श्रेयाने कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: नेतृत्व. नवनिर्मिती. संघभावना. कोंडाबाई सातवी शिकलेल्या होत्या, अक्षर लागायचं. त्यांनी तिन्ही शब्द वाचले आणि चष्मा वर केला.

"नवनिर्मिती म्हंजी काय गं?"

"नवीन काहीतरी करणं."

"मंग तसं लिव्हायचं की."

"आई, कागद ऱ्हाऊ द्या," साक्षी म्हणाली. तिचा आवाज आता जरा बारीक झाला होता. "अर्ज केलेल्यांतून साठजण घेणारेत. माझे मार्क काठावर आहेत. हा फोन बरा गेला तर माझं जमेल. एवढंच सांगते. बाकी तुमच्या मनाला येईल ते बोला."

शेडमध्ये मेल कसाबसा यायचा, पण फोनवर बोलण्याइतकी रेंज नव्हती. वाडीत खात्रीची रेंज एकाच ठिकाणी होती, पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर. अकराला दहा मिनिटं कमी असताना सगळं घर टाकीकडे निघालं. पुढे श्रेया आजीचा मोबाइल वर धरून, मागे कोंडाबाई, त्यांच्या मागे प्रयागबाई कंबरेवर हात ठेवून, आणि सोपानराव, जे म्हणाले की मोटर बघायला चाललोय, आणि मोटरीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. रत्नदीपने आईला बसायला पायरीवर पोतं अंथरलं.

"तुला ठावं व्हतं," कोंडाबाई त्याला म्हणाल्या.

"मला फक्त फॉर्म भरल्याचं ठावं व्हतं."

"आन परीक्षा? पुन्याला गाडी कुनी चालवली?"

रत्नदीप पोत्याची सुरकुती काढू लागला.

साडेअकरा झाले. फोन नाही. साक्षी लांब, लिंबाखाली उभी होती. जवळ थांबलं तर आईंना मोकळं बोलता यायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. पण ऐकू येईल इतकी जवळ होती. प्रयागबाई कोंडाबाईंच्या शेजारी बसल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. ही गोष्ट इतकी नवलाची होती की कोंडाबाईंनी वळून बघितलं.

"आयला बी आसंच इचारलं व्हतं," प्रयागबाई हळूच म्हणाल्या. "घोडेगावच्या बाईनं."

चव्वेचाळीस वर्षांत हे दोघींपैकी कुणीही बोललं नव्हतं. कोंडाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. बालवाडी चालवायला गावातली शिकलेली बाई हवी होती. तीन महिने घोडेगावला शिक्षण आणि मग गावातच काम. कोंडाबाईंनी नाव दिलं. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई चौकशीला घरी आली. सासूबाईंनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, बरी हाय पोरगी, पन घरात लागती. एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाई चहा पिऊन गेली. कोंडाबाई गोठ्यात शेणाची पाटी धरून उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्रयागबाई बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. त्या ओसरीवरच बसलेल्या होत्या.

"मी तवा बोलाया पायजे व्हतं," प्रयागबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी कुणीतरी ते आठवतंय, याचंच कोंडाबाईंना जास्त वाटलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात फोन वाजला.

श्रेयाने स्पीकर लावून मोबाइल आजीच्या हातात दिला.

"नमस्कार. कोंडाबाई बोलताय का? मी सबनीस, पुण्याहून."

"बोलतीय. जय भीम."

"जय भीम, आजी. साक्षीताईंना तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"एकोनीस वर्सं. लगीन झाल्यापासनं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "म्हणजे तुम्ही त्यांच्या..."

"सासू."

"फॉर्मवर 'शेतीतल्या सहकारी' असं लिहिलंय."

कोंडाबाईंनी लिंबाकडे बघितलं. साक्षी पायाने माती उकरत होती.

"त्ये बी खरं हाये," कोंडाबाई म्हणाल्या.

"बरं. मग मला त्यांची एखादी चूक सांगा. मोठी. त्यांनी केलेली."

प्रयागबाईंनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. श्रेयाने कागदावरच्या 'नेतृत्व'वर बोट ठेवलं. कोंडाबाईंनी दोघींकडे पाठ फिरवली.

"बेणं सडवलं तिनं," त्या म्हणाल्या. "सा वर्सं झाली. आमी बेणं कापतो, मंग फोडी सावलीत उघड्या ठिवायच्या, वारं लागलं की कापल्यालं सुकतं. हिच्या दवाखान्यात जखम झाकून ठिवत्यात. हिनं बटाट्याला बी जखमच धरली. सगळ्या फोडी पोत्यात घालून वरनं वल्ली पोती झाकली. मी म्हनलं, उघडं ऱ्हाऊ दे. ती म्हनली, आई, जंतू लागतील. तिसऱ्या दिशी शेडात उभं ऱ्हावंना वासानं. तीस गोन्या गेल्या."

"अरे बापरे. मग?"

"दुसऱ्या दिशी सकाळी ड्युटी न करता बाकीची धा घरं हिंडली. म्हनली, माझ्यामुळं सडलं, कुना दुसऱ्याची चूक न्हाई. घरोघरनं थोडं थोडं बेणं मिळालं. पन ती तेवढ्यावर माघारी न्हाई आली. परतेक घरात बसली आन इचारलं, तुमी बेणं कसं ठिवता. समदं वहीत लिव्हलं. अकरा घरांच्या अकरा तऱ्हा. फुडल्या साली दोन्ही एकात केलं. सुरी दवाखान्यासारखी धुवायची, फोडी आमच्यासारख्या उघड्या ठिवायच्या. आता अकरा बी घरं तसंच करत्यात."

"आणि तुम्ही? तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?"

"मी एकदा सांगितलं आन गप बसले. शिकल्याली हाय म्हनलं. त्ये माझं चुकलं."

सोपानराव एकदम खाली बसले. त्या नुकसानीचा दोष सहा वर्षं ते सुनेलाच देत आले होते.

"त्यांच्यातलं काय आवडत नाही तुम्हाला?" सबनीस मॅडमनी विचारलं. आवाजात आता हसू होतं.

"हट्टी हाये. इचारत न्हाई. ह्यो फोन येनार त्ये मला तासाभरापूर्वी कळलं."

पलीकडे मॅडम मोठ्याने हसल्या. लिंबाखाली साक्षीने पदराने तोंड झाकलं.

"शेवटचा प्रश्न, आजी. हा मी सगळ्यांच्या घरी विचारते, पुरुषांच्यासुद्धा. दोन वर्षं शनिवार-रविवार त्या पुण्यात असतील. घरचं चालेल?"

कोंडाबाईंच्या तोंडात एकच वाक्य आलं आणि ते त्यांचं नव्हतं.

"घरात लागती," त्या म्हणाल्या.

साक्षीचा हात पदरासकट खाली आला. प्रयागबाईंनी पायरी घट्ट धरली.

"लागती म्हंजी लागतीच, खोटं कशाला सांगू," कोंडाबाई पुढे म्हणाल्या. "ती नसली की मला करमत बी न्हाई. पन घरात लागती म्हनून मानसाला घरात ठिवायचं नसतं, बाई. त्ये मी बघितलंय. तुमी तिला घ्या. दोन दिस आमी बघू. ह्ये भाकरी करतील."

सोपानरावांनी मागे वळून बघितलं, आपल्याशिवाय दुसरं कुणी 'ह्ये' तिथे आहे का ते. कुणी नव्हतं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आभारी आहे, आजी."

"ठिवू नका. माझं इचारायचं ऱ्हायलंय."

"तुमचं?"

"चौकशी दोन्हीकडनं आसती. तुमच्यात तिच्या वयाचं किती जन? का पोरासोरांत एकलीच बसवताल?"

श्रेयाने डोक्याला हात लावला. पलीकडे मॅडम एकेक सांगू लागल्या. चाळिशीच्या पुढचे अर्ज सव्वीस. सगळ्यात मोठे गृहस्थ त्रेपन्न वर्षांचे. बायका नऊ.

"आन तुमी किती वयाला शिकला?"

"मी एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, आजी. दोन मुलं होती."

"मंग घर बरं दिसतंय," कोंडाबाई म्हणाल्या. "तरी मी बघाया येनार."

फोन बंद झाला. साक्षी पायऱ्यांपाशी आली, सासूच्या हातातला मोबाइल घेतला, आणि तो घेतल्यावरही हात सोडला नाही. तिचे डोळे भरले होते. कोंडाबाईंनाही रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून त्यांनी घाईने पोतं उचललं.

"चला," त्या म्हणाल्या. "सावडीतल्या बाया येतील. आजून निम्मा ढीग पडलाय."

"मला भाकरी येत न्हाईत," सोपानराव म्हणाले.

"दोन वर्सं हायेत," प्रयागबाई म्हणाल्या. "शिकशील."

मेल तेराव्या दिवशी आला. साठांत साक्षीचं नाव अठ्ठावन्नावं होतं. श्रेयाने शेडभर नाचून घेतलं आणि मग आईला विचारलं, की कॉट खिडकीकडे लावायची का दाराकडे, म्हणजे तिचीही तयारी झाली होती. प्रयागबाईंनी आण्यात एवढ्या जणांना सांगितलं की शेवटी ऐकणाऱ्यांना वाटू लागलं, ही चौकशी त्यांनीच पार पाडली.

पहिल्या शनिवारी कोंडाबाई साक्षीसोबत पुण्याला गेल्या. इस्तरीची साडी नेसून, पिशवीत मॅडमसाठी घरच्या बटाट्यांचा वाटा घेऊन. वाटेत मंचरपासून पुण्यापर्यंत सोपानरावांचे तीन फोन आले, तिन्ही पिठात पाणी किती घालायचं यासाठी. संस्थेच्या फाटकाशी वॉचमनने साक्षीचं कार्ड बघून तिला सोडलं आणि कोंडाबाईंच्या पुढ्यात जाडजूड वही सरकवली. नाव, गाव, वेळ, कामाचं स्वरूप.

साक्षी म्हणाली, "आई, द्या, मी लिहिते."

"मला येतं," कोंडाबाई म्हणाल्या.

चष्मा लावून त्यांनी सावकाश नाव लिहिलं, लोणी लिहिलं, घड्याळात बघून वेळ लिहिली. शेवटच्या रकान्यापाशी त्या थोड्या थांबल्या आणि मग ठसठशीत अक्षरात लिहिलं: चौकशी.

वॉचमनने वही आपल्याकडे फिरवून वाचलं. "कुणाची चौकशी, आजी?"

"तुमची," कोंडाबाई म्हणाल्या, आणि पिशवी सुनेच्या हातात देऊन तिच्या पुढे आत चालू लागल्या.